डावी बाजू किंचित दबलेली

मे महिन्याच्या भर दुपारी जळगावात कूलर बंद करून, डोक्यावर हेडसेट चढवून बसणाऱ्या माणसाला कुणी शहाणा म्हणणार नाही. माझी बायको तर नाहीच नाही. पण माझा धंदाच तो होता. एका मराठी वेबसाइटसाठी मी हेडफोन, स्पीकर, साउंडबार असल्या वस्तू आठ-पंधरा दिवस वापरायचो, त्यांच्यावर लिहायचो, आणि लोक माझ्या शब्दावर त्या विकत घ्यायचे. ‘भाऊंनी चांगला म्हटलंय ना, मग डोळे झाकून घ्या’ असं खाली कुणीतरी हमखास लिहिलेलं असायचं. ते वाचून छाती फुगायची, खोटं कशाला बोलू.

त्या वेळी हातात आलेला हेडसेट गेम खेळणाऱ्या पोरांसाठीचा होता, मधल्या किमतीचा. मला मधल्या किमतीच्या मालाचा फार राग येतो. स्वस्तातला असला की शिव्या घालून मोकळं होता येतं, महागाचा असला की दोन चुका काढून कौतुक करता येतं. मधला माल मात्र तोंडावर गोड बोलतो आणि दोष लपवून ठेवतो. तो शोधायला कान लागतो, आणि असा कान खानदेशात माझ्याशिवाय कुणाला नाही अशी माझी पक्की समजूत होती.

आधी तो डोक्याला सोसतो का ते पाहिलं. कानावरच्या गाद्या नकली चामड्याच्या. एसीत बसून लिहिणाऱ्यांना त्या मऊ, मुलायम वगैरे वाटतात. त्यांना एकदा आमच्या गच्चीखालच्या खोलीत दुपारी दोन ते चार बसवायला पाहिजे. अर्ध्या तासात कानाभोवती घामाचं डबकं झालं. चष्म्याची काडी गादीखाली सापडून कानामागची शीर ठणकायला लागली. पट्टी इतकी आवळत होती की डोक्याला फडकं बांधल्यासारखं वाटत होतं. त्यावर माझा जुना उपाय होता. बाजारातून एक दणदणीत टरबूज आणलं आणि दोन दिवस हेडसेट त्याच्यावर चढवून ठेवला. पट्टी बरीच सैल झाली. बायको म्हणाली, ‘माणसांच्या आधी टरबुजाला ऐकवा.’ कॉलेजात जाणारी आमची पोरगी येताजाता त्या टरबुजाकडे बघायची आणि काही न बोलता आत जायची.

वहीत लिहिलं, ‘चष्मेवाल्यांनी तासाभराने काढून ठेवावा. उन्हाळ्यात कापडी गादी बरी. माइक चांगला, कूलर चालू असतानाही बोलणं स्वच्छ जातं.’ एवढं झालं आणि मग आवाजाकडे वळलो.

आवाज तपासायची माझी स्वतःची रीत होती. बाकीचे लोक गाणी लावतात. मी पापड लावायचो. म्हणजे असं, की पिंपळनेरजवळच्या आमच्या गावी, आई होती तेव्हा, उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका सकाळी सकाळी आमच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर, उडदाचे पापड लाटायला जमायच्या. एका वर्षी मी दोन माइकांचं रेकॉर्डर नेलं आणि त्यांच्या मधोमध ठेवून दिलं. डावीकडे आई, उजवीकडे काकू, समोर बाकीच्या. लाटण्यांचा टकटकाट, बांगड्या, खाली कुणाची तरी शेळी, लांब रस्त्यावर ट्रॅक्टर. कुठल्याही हेडफोनची अब्रू काढायला हे पाऊण तासाचं रेकॉर्डिंग पुरेसं होतं. त्यात एका जागी आई आमच्या अहिराणीत विचारते, ‘हाई काय शे रे तुना हातमा?’ मी सांगतो, ‘आवाज भरानं मशीन शे माय.’ त्यावर ती म्हणते, ‘मंग मना आवाज भर ना, काकूनाच काय भरस?’ काकूचाच कशाला, तिचाही भर, असं. आणि सगळ्या हसतात. आई गेल्यावर तर मी ते किती वेळा ऐकलं असेल याला गणतीच नाही. नवा हेडफोन आला की आधी आई.

या हेडसेटवरही आई ऐकली. झकास होती. काकूही झकास होती. मी वहीत लिहिलं, ‘आवाज मोकळा, डावं-उजवं नीट वेगळं.’

पण हेडसेट गेमचा होता, तेव्हा गेम खेळून बघणं आलं. बंदुका घेऊन एकमेकांना शोधत फिरायचा तो खेळ. त्यात पावलांच्या आवाजावर सगळं असतं. कोण कुठून येतोय ते कानाने ओळखायचं, वळायचं, गोळी घालायची. मला काही तो खेळ चांगला येत नाही, पण इतकाही वाईट येत नाही. त्या दिवशी मी मरत होतो, एकसारखा मरत होतो. उजवीकडून येणारा मला लांबूनच कळायचा. डावीकडून येणारा मात्र पार खांद्याशी येऊन उभा राहायचा आणि मला मारून जायचा, तरी पत्ता नाही. आठ-दहा वेळा असं झाल्यावर मी हेडसेट काढून आपटला. डावा स्पीकर मेलेला होता, दुसरं काय!

मी दुकानदाराला फोन लावला. हा जळगावातला माझा वीस वर्षांपासूनचा दोस्त. तपासायचा बराचसा माल तोच आणून द्यायचा आणि मी ऐकून परत करायचो. त्याला मी तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, ‘असला कचरा विकतोस? डावा स्पीकर बसलाय याचा.’ तो शांतपणे म्हणाला, ‘भाऊ, सील तुमच्यासमोर फोडलंय. तरी दुसरा पाठवतो.’ त्याने त्याच दिवशी माणसाच्या हाती दुसरा पाठवला. दुसऱ्याचीही तीच गत. डावीकडून येणारा पुन्हा मला मारून गेला. आता तर माझं डोकंच फिरलं. अख्खा लॉटच खराब आहे, याच्यावर असं लिहितो की कंपनीला घाम फुटला पाहिजे, असं ठरवून मी साक्षीदार म्हणून पोरीला हाक मारली.

तिने हेडसेट घातला, पाच मिनिटं ऐकलं. ‘दोन्हीकडून सारखंच येतंय.’

‘नीट ऐक.’

‘ऐकलं. सारखंच येतंय.’

‘तुम्हा पोरांना मोबाइलच्या भोंग्याची सवय. तुम्हाला काय कळतंय यातलं?’ मी खेकसलो.

तिने हेडसेट काढला, टेबलावर नीट ठेवला आणि निघून गेली. मी पुन्हा घातला. घाईत उलटा घातला गेला. या हेडसेटला माइकची दांडी डाव्या बाजूला असते, ती उजव्या गालाशी आली, तेव्हा लक्षात आलं. काढणार, तेवढ्यात वाटलं, असू दे, असंच ऐकून बघू. आता जो स्पीकर मेला असं मी म्हणत होतो तो माझ्या उजव्या कानावर होता. खेळ सुरू केला. आणि त्या मेलेल्या स्पीकरमधून मला बारीकातलं बारीक पाऊल ऐकू यायला लागलं. वाळलेल्या गवतावरचं, फरशीवरचं, पत्र्यावरचं, सगळं. डावीकडे, चांगल्या स्पीकरखाली, पुन्हा कुणीच नव्हतं.

मी हेडसेट सुलटा केला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. अंगाला दरदरून घाम सुटला, आणि तो काही गाद्यांचा नव्हता.

मग पापडांचं रेकॉर्डिंग लावलं आणि उजवी गादी कानावरून उचलून धरली. असं मी आजवर कधीच केलं नव्हतं, करायची गरजच पडली नव्हती. नुसत्या डाव्या कानाने आई ऐकली. आई नव्हतीच तिथे. भिंतीपलीकडे कुणीतरी बोलतंय अशी नुसती घुमघुम. लाटण्यांचा टकटकाट गेला होता, बांगड्या गेल्या होत्या. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळत नव्हतं. मग इतके दिवस मी काय ऐकत होतो? मला ते रेकॉर्डिंग तोंडपाठ होतं हो! पुढे काय येणार हे माहीत होतं आणि ते आलं असं मी धरून चाललो होतो. कान ऐकत नव्हता, मी आठवत होतो. खेळातली पावलं दर वेळी नवी, ती कुठून आठवणार? म्हणून तिथे मी पकडला गेलो.

त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोला सांगितलं, उन्हाने डोकं दुखतंय.

दुसऱ्या दिवशी जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक वस्तूवर लिहायच्या आधी मी हाताने टिपणं काढायचो, ती सगळी होती. आई ऐकून झाल्यावर गाण्यांवर, बातम्यांवर, सिनेमावर ऐकलेल्या नोंदी. वाचत गेलो आणि जिवाचं पाणी पाणी झालं. ‘डावी बाजू किंचित दबलेली.’ ‘डावीकडे झणझणीतपणा कमी.’ ‘डावा-उजवा तोल नाही.’ दोन वर्षं! दोन वर्षांत इतक्या कंपन्यांचे डावे स्पीकर बसले आणि मला एकदाही शंका आली नाही. आणि वाचणारे तरी काय बेटे! वेबसाइटवर त्यातल्या एका हेडफोनखाली चौघा-पाचजणांनी लिहिलं होतं, ‘बरोबर भाऊ, माझाही डावा कमी येतो.’ चांगले कान असलेल्या लोकांना मी बहिरं करून ठेवलं होतं. त्याच हेडफोनची दुकानदाराने माझ्या सांगण्यावरून दुकानातली विक्री बंद केली होती. तो बिचारा म्हणत होता, ‘भाऊ, गिऱ्हाइकांची तर तक्रार नाही.’ मी त्याला म्हटलं होतं, ‘गिऱ्हाइकाला कान असता तर तुझं दुकान चाललं असतं का?’

हे कशाने झालं ते मला शोधत बसावं लागलं नाही. हा धंदा धरायच्या आधी पंधरा सीझन मी धुळ्यात लग्नाच्या वरातीचा साउंड सांभाळला. टेम्पोवर मिक्सर उजव्या फळीला बांधलेला असायचा. नवरदेवाकडे आणि नाचणाऱ्यांकडे तोंड करून उभं राहिलं की आवाजाचे डबे सगळे डाव्या हाताला, हातभर अंतरावर. धुळ्याहून साक्री, शिरपूर, इकडे सावद्यापर्यंत वराती केल्या. आमच्यातले दोघं-तिघं कानात कापसाचे बोळे घालायचे. आम्ही त्यांना काय हसायचो! ‘काय रे, वेचणीला निघालास का?’ म्हणायचो. ज्या मुलखात बाजूच्या प्रत्येक शेतात कापूस उभा, तिथे कानात चिमूटभर कापूस घालायची मला लाज वाटली. साउंडवाल्यानेच कान बुजवले तर आवाज कोण बघणार, असा माझा रुबाब होता. लग्न आटोपून घरी आल्यावर डाव्या कानात दोन दिवस शिट्टी वाजायची. आम्ही सगळे म्हणायचो, आज साउंड चांगला लागला.

तीन आठवडे मी कुणाला काही बोललो नाही. वेबसाइटवाल्यांचा निरोप यायचा, ‘हेडसेटचं लिखाण कधी?’ मी सांगायचो, अजून ऐकतोय. शेवटी धुळ्याला जाऊन कान तपासायचं ठरवलं. जळगावात का नाही? कारण जळगावात मला लोक ओळखतात. कान तपासणाऱ्या बाईच्या पायऱ्या चढताना कुणी बघितलं असतं तर माझं काय राहिलं असतं? बायकोला म्हटलं, धुळ्याला काम आहे. ती म्हणाली, ‘मीही येते, आईला भेटून बरेच दिवस झाले.’ पण धुळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर ती माहेराकडे वळलीच नाही. माझ्याबरोबर चालत राहिली. मी विचारलं, ‘तुला कुठे जायचंय?’ म्हणाली, ‘तुम्ही जाल तिथे.’

तपासणारी मुलगी पंचविशीतली असेल. मला काका म्हणाली. तिने मला काचेची खिडकी असलेल्या लहानशा खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला आणि हातात बटण दिलं. ‘बारीक सूर येतील काका. ऐकू आला की दाबायचं. अगदी हळू आला तरी दाबायचं.’ पहिला विचार माझ्या मनात काय यावा? की याच्या गाद्या फार कडक आहेत.

उजवा कान आधी झाला. तो ठीक चालला. मग डावा. पहिले दोन-तीन जाड सूर आले, दाबले. मग काही येईना. मी डोळे मिटून, श्वास रोखून बसलो. काहीच येईना. काचेपलीकडे तिची मान खाली, हात यंत्रावर. उजव्या कानाच्या वेळी ती साधारण किती अंतराने सूर सोडत होती ते माझ्या डोक्यात बसलं होतं. पंधरा सीझन मिक्सरवर उभा राहिलेला माणूस मी, ताल मला चुकत नाही. मी त्या अंदाजाने दाबायला लागलो. एक. थोडं थांबून दोन. मग तीन. चार. आणि शपथेवर सांगतो, मला वाटत होतं की मी ऐकतोय. अगदी बारीक, लांबवर, पण काहीतरी येतंय.

दार उघडून ती आत आली. हेडफोन काढला. चेहरा इतका मऊ होता की मला तिथेच समजायला हवं होतं.

‘काका, शेवटच्या चार वेळी तुम्ही बटण दाबलंत ना,’ ती म्हणाली, ‘तेव्हा मी काही वाजवलंच नव्हतं.’

मी इतका लाजलो की वर बघवेना. शाळेत कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखा बसून राहिलो. तिने पुन्हा सगळं पहिल्यापासून घेतलं, या वेळी अंतर बदलून बदलून. मी प्रामाणिकपणे बसलो. बराच वेळ बटणाला हातच लावावा लागला नाही.

कागदावर तिने दोन रेघा काढून दाखवल्या. उजव्या कानाची रेघ बरीच सरळ जाऊन शेवटी थोडी खाली वाकत होती. डाव्याची मध्यापासूनच खाली कोसळली होती. म्हणाली, आतली नस गेली आहे, आवाजाने गेली आहे, ती परत येत नाही. कानाच्या डॉक्टरला दाखवून घ्या. मशीन लावून बोलणं थोडं समजेल. आणि उजव्याची सुरुवात झाली आहे, तेव्हा आता हेडफोन बंद करा. ‘काम काय करता तुम्ही काका?’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘काही नाही.’

बाहेर येऊन स्टँडवर चहा घेतला. बायकोला सगळं सांगितलं. ती दचकेल, रडेल, निदान ‘अगं बाई’ तरी म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. ती कपाकडे बघत म्हणाली, ‘मला माहीत होतं.’

‘काय माहीत होतं?’

‘डाव्या कानाने तुम्हाला नीट ऐकू येत नाही ते. दीड-दोन वर्षं झाली. म्हणून तर मी उजवीकडे बसते. बसमध्ये, जेवताना, सगळीकडे.’

मी भडकलो. चहावाला बघायला लागला इतका भडकलो. ‘मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? सांगायचं नाही?’

‘सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, ज्या कानाच्या जिवावर घर चालतं त्याला नावं ठेवतेस? आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत.’

मला ते आठवलं. मी म्हणालो होतो, याच शब्दांत म्हणालो होतो. राग एकदम उतरला आणि त्याच्या जागी काही आलंच नाही. नुसतं रिकामं वाटलं. बसायला पुन्हा बाकडं शोधलं. आता काय ऐकून लिहिणार, कुणाला तोंड दाखवणार, दुकानदाराला काय सांगणार, हे सगळं मी बडबडत होतो. ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘एक सांगू का? कान इतका गेलाय हे आज कळलं म्हणून विचारते. पोरगी तुम्हाला पुण्याचं विचारायला आली होती, ते तुम्हाला ऐकू आलं होतं का?’

‘कसलं पुण्याचं?’

तिने तोंडावर पदर धरला. मग एकेक करून सांगितलं. गेल्या वर्षी पोरीचा आर्किटेक्चरला पुण्याच्या कॉलेजात नंबर लागला होता. हो की नाही ते दोन दिवसांत कळवायचं होतं. सकाळी मी लॅपटॉपसमोर काहीतरी लिहीत बसलो होतो, उजव्या कानाशी कूलर धडधडत होता. ती माझ्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, ‘पप्पा, नंबर लागलाय. मी जाऊ ना?’ मी स्क्रीनकडेच बघत राहिलो. ती थोडा वेळ बसली आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथेच येऊन विचारलं. मी मान हलवली नाही, ‘हूं’ केलं नाही. तिने पुण्याची जागा सोडली आणि इथेच बी.एस्सी.ला नाव घातलं.

‘आणि तू? तू काय करत होतीस?’

‘मला वाटलं, तुम्ही ठरवलंय.’ ती म्हणाली. ‘बाप गप्प बसला म्हणजे नाही. तुमच्या घरात पहिल्यापासून तेच बघितलंय मी. तिसऱ्यांदा विचारायचं नसतं. सासरे गप्प बसले की तुम्ही तरी कधी तिसऱ्यांदा विचारलं होतं का?’

नव्हतं विचारलं. आमच्या घरात बापाने तोंडाने नाही म्हणायची वेळच कधी आली नाही. नुसतं गप्प बसलं की झालं. मी त्याच्यावर पोरगा म्हणून किती चरफडलो होतो, आणि स्वतः तसा बाप होणार नाही असं चारचौघांत सांगत फिरत होतो. पोरगी येऊन म्हणाली होती, ‘मी इथेच बी.एस्सी. करते,’ तेव्हा मी तिच्या पाठीवर थाप मारून म्हणालो होतो, ‘छान! जशी तुझी इच्छा.’ मला वाटलं होतं नंबर लागला नसेल, पोरीला वाईट वाटायला नको, म्हणून मी विषयच काढला नव्हता. काय समजूतदार बाप! मित्रांना सांगायचो, आमच्याकडे पोरीवर कसलीही सक्ती नाही, तिचं तिनं ठरवलं.

परतीच्या बसमध्ये पारोळ्यानंतर बायकोला डुलकी लागली, उजव्या खांद्यावर. मी डावा कान खिडकीला लावून बघितला. बसचा एवढा खडखडाट, त्यातला निम्माही येत नव्हता.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि पोरगी गच्चीवर दोरीवरचे कपडे काढत होती. मी चपलाही न काढता वर गेलो. नेमका तिच्या कोणत्या बाजूला उभा राहू तेच कळेना, मग सरळ समोर गेलो. म्हटलं, ‘पुण्याचं तू मला विचारलं होतंस?’

तिने माझ्याकडे बघितलं. ‘दोनदा.’

‘मला ऐकूच आलं नव्हतं गं. आईशप्पथ नव्हतं आलं. माझा डावा कान गेलाय. आज तपासून आलो. मला ऐकू आलं असतं तर मी तुला स्वतः सोडायला आलो असतो. तू रागाने... तुला वाटलं असेल की मी...’ माणूस किती वर्षं आवाजाचं काम करतो, आणि ऐन वेळी त्याचा स्वतःचा आवाज फुटत नाही.

ती हातातल्या चादरीची घडी घालत राहिली. एक घडी, दुसरी, तिसरी. मला वाटलं रडेल, किंवा ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. चादर खांद्यावर टाकून ती माझ्या उजव्या बाजूला आली. सावकाश, एकेक शब्द कळेल असं बोलली.

‘पप्पा, इथेच बी.एस्सी. करते असं सांगितलं, त्या दिवसापासून मी तुमच्याशी आपणहून एक शब्द बोललेली नाहीये. तुम्ही विचाराल तेवढंच उत्तर द्यायचं आणि जायचं. वर्ष होत आलं. मला वाटायचं, आज विचारतील, काय झालं गं म्हणून. उद्या विचारतील. ते तरी लक्षात आलं होतं का तुमच्या? त्याला कान कुठे लागतो?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘नाही आलं.’